उंबराखालचा मासा

फाल्गुन लागला तरी गंगेच्या, म्हणजे आपल्या गोदावरीच्या, काठावरच्या राहुट्या काही हलेनात. हैदराबादेचे नवाबसाहेब तीन दिवसांसाठी म्हणून आले, त्याला आता बारा दिवस झाले. माणूस चांगला, कुणाला शिवी नाही की छडी नाही. पण चांगल्या माणसालाही दोन वेळा जेवायला लागतंच की! त्याच्या खानसाम्याला लागतं, घोड्यांना लागतं. गावातल्या कोंबड्या संपल्या, कडबा संपला, लेकरांना दूध उरलं नाही. आणि हे सगळं कशापायी? तर एका माशापायी! मोठ्या खवल्यांचा महासीर गळाला लागल्याशिवाय डेरा उठायचा नाही, असं साहेबांनी मनावरच घेतलं होतं.

ह्या बारा दिवसांत सटवा भोई पार पिळून निघाला. भोई म्हणजे मेणा वाहणारा आणि मासेही धरणारा, म्हणजे वेठीला दोन्हीकडून सोयीचा. तांबडं फुटताना होडी ढकलायची, दिवसभर उन्हात बसायचं, मग सरपण, मग पाणी. साहेब गळाला आमिष म्हणून लावलेलं चकाकणारं पितळी पातं पाण्यात फेकायचे, ओढायचे, परत फेकायचे. मासा काही यायचा नाही.

सटव्याचा जीव वाळूत अडकला होता. नदी आटली की भोई वाळूत टरबुजाची वाडी लावतात. खड्डा उकरायचा, शेणखत घालायचं, वेल धरला की रोज दोन वेळा घागरीनं पाणी. दोन दिवस चुकले तर वाळू वेल भाजून काढते. तीनशे वेल होते त्याचे, वर्षाची भाकरी त्यांच्यावरच. नदीचं पाणी रोज लांब सरकत होतं, आणि गुडघ्यानं अधू असलेली कडूबाई, त्याची बायको, एकटीच घागरी वाहत होती.

"निम्मे गेले बगा," ती बाराव्या दिवशी म्हणाली. "ऱ्हायलेत ते तुमी आलात तर जगतील."

"सायब उठल्याबिगर कसा येऊ?"

"मग उठवा की! गंगंत जलम गेला तुमचा, अन् एक मासा न्हाई गावत?"

गावत होता, तीच तर मेख होती. वरच्या डोहावर एक उंबर वाकलेला होता. पिकली उंबरं पाण्यात पडली की ते दांडगे मासे वर येऊन टपाटप गिळतात. भोयांनी ही गोष्ट बाहेरच्याला कधी सांगितली नाही. आज सांगा, उद्या डोह रिकामा. सटव्याच्या बापानं तर मरताना शपथ घातली होती. पण बाप काही घागरी वाहायला येणार नव्हता.

सकाळी सटव्यानं होडी उंबराखाली नेली, पितळी पातं काढून टाकलं आणि गळाला पिकलेलं उंबर टोचलं.

"अरे, मछली को फल खिलाते क्या?" साहेब हसले.

"खाती हाय, सरकार."

उंबर पाण्यावर पडलं नाही तोच गपकन गेलं. काठी कमानीगत वाकली. अर्धी घटका ओढाओढ चालली, शेवटी सटव्यानंच छातीभर पाण्यात उडी टाकून माशाचे कल्ले धरले. चांगला दोन हात लांब मासा! साहेबांनी ओल्या सटव्याला मिठीच मारली. "कल सुबह कूच," त्यांनी तिथंच हुकूम सोडला.

गावाला दिवाळी झाली. सटवा धावत वाडीवर गेला आणि अंधार पडेस्तोवर घागरी ओतत राहिला. अंग ठणकत होतं, पण बारा दिवसांत पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. कडूबाईसुद्धा हसली.

दुसऱ्या दिवशी उन्हं पडायला गावचे सुंदरराव पाटील वाळू तुडवत आले.

"नशीब काढलंस बे सटव्या! सायब तुला संगं नेतेत. नांदेडापत्तूर गंगेच्या काठानंच मुक्काम हायेत, दोन म्हैने. असा भोई दुसरा न्हाई म्हनले."

सटव्याच्या हातातली घागर तशीच राहिली. "मला न्हाई जमायचं, पाटील. वाडी जाती माझी."

"आरं, मीबी तेच बोललो. तर म्हनले, तो येत नसंल तर आपुनच ऱ्हाऊ की हितं. पानी लई झकास हाय." पाटलांनी एकदम हात जोडले. भोयापुढं हात जोडायची त्यांच्या घराण्यात रीत नव्हती. "गावाकडं बघ रं बाबा."

पाटील गेले. कडूबाई घागर कडेवर घेऊन उभी होती.

"मी करीन," ती म्हणाली. "समद्यांला घालीन पानी. तुमी जावा."

आणि ती घालणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. गुडघे फुटले तरी घालणार, मग एकही वेल धड जगणार नाही आणि ती अंथरुणाला खिळणार. त्यानं पाण्याजवळचे, तिला एकटीला झेपतील असे चाळीस वेल मोजले. मग लांबच्या ओळीत जाऊन पहिला वेल मुळासकट उपटला.

"आवो! कावून उपटता? फळं धरल्याती त्याला!"

लिंबाएवढी फळं होती. कालच पाणी प्यालेला वेल, मूळ ओलं होतं. सटव्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, पण हात थांबले नाहीत. दुसरा उपटला, तिसरा उपटला. राहुट्यांकडून कुणीतरी ओरडलं, "चल बे भोई!"

"आलो," तो म्हणाला, आणि पुढच्या वेलाला हात घातला. जरा वेळानं कडूबाईनं घागर खाली ठेवली आणि दुसऱ्या टोकानं तीही उपटायला लागली.