मेणात बसून ऐकलेला जवाब

मी मेणाचा एक ठोकळा बोलतोय. मान वर करून बोलण्याची माझी लायकी नाही, पण गप्प राहून जे झालं ते पाहिल्यावर आता बोलायलाच हवं.

आगपेटीहूनही मी लहान. पांढऱ्या मेणात मधोमध चिंचोक्याएवढा करडा मांसाचा तुकडा दिसतो, तो धनीबाईच्या दंडातला. बोरी अरबजवळच्या बंजारा तांड्यावरची ही बाई. लग्नात दंडात चढवलेल्या पांढऱ्या बलिया तिनं कधी उतरवल्या नाहीत, म्हणून त्या बांगड्यांखाली वाढणारी गाठ वर्षभर कोणाला दिसली नाही. यवतमाळला शस्त्रक्रिया झाली, तेव्हा बलिया कापाव्या लागल्या. गाठीचा एक तुकडा उज्ज्वलाताईंनी मेणात बसवला आणि माझ्या कडेवर नंबर घातला. ताई इथल्या प्रयोगशाळेत काम करतात.

सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोग दिसला, पण कोणत्या जातीचा ते कळेना. तेव्हा डॉक्टर नयन पुढे आले. दारव्ह्याच्या शेतकरी घरातला हा मुलगा शाळेच्या वयापासून गावाबाहेर राहिला, परदेशात शिकला आणि आपल्या लोकांसाठी काहीतरी करायचं म्हणून परतला. त्यांनी उज्ज्वलाताईंना समजावलेलं मी ऐकलं. हा रोग लाखांत एखाद्याला होतो. एका रुग्णालयाला असा दुसरा रुग्ण वर्षानुवर्षं दिसत नाही. म्हणून अकरा देशांतल्या रुग्णालयांनी आपापले तुकडे एकत्र अभ्यासायचं ठरवलं होतं. पूर्वी पेशींचे नुसते आकार बघत; आता पेशीच्या आतली जनुकं वाचतात आणि कोणतं जनुक बिघडलं ते बघून गोळी शोधतात.

"किती मोलाचा नमुना आहे हा!" मला उजेडात धरून डॉक्टर म्हणाले. मी फुगलो. एका बाईच्या दुखण्याचा मी अभिमान बाळगला, हे आज सांगताना लाज वाटते.

संमतीच्या कागदावर सही करण्याआधी धनीबाईनं एकच विचारलं होतं, "तिकडून काही समजलं त मले सांगशीन ना, बापू?"

"सांगणार म्हणजे सांगणारच," डॉक्टर म्हणाले.

माझे दहा पातळ काप समुद्रापार गेले. मी टेबलावरच राहिलो. सात आठवड्यांनी अहवाल आला आणि डॉक्टर खुर्चीतून उठून उभेच राहिले. दोन जनुकं एकमेकांना चिकटल्यामुळे ती गाठ झाली होती, आणि नेमक्या त्या बिघाडावर गोळी होती. नागपूरला ती सुरू करता येणार होती. अकराही ठिकाणच्या डॉक्टरांचं त्यावर एकमत होतं.

त्यांनी लगेच धनीबाईच्या नवऱ्याला, उत्तमसिंगला फोन लावला. 'अहवाल' हा शब्द जड होईल म्हणून त्यांनी मुद्दाम सोपा शब्द घेतला.

"काका, परदेशातल्या डॉक्टरांनी जवाब दिला आहे."

पलीकडून आवाज आला, "सगळ्याईनंच देला का, साहेब?"

"हो, सगळ्यांनी! अकराच्या अकरा!"

"बरं. तुम्ही आमच्यासाठी लय केलं."

फोन बंद झाला. डॉक्टर हसत म्हणाले, "किती साधी माणसं!" बाकीचं ते भेटायला आल्यावर सांगू, असं त्यांनी ठरवलं.

मी धनीबाईच्या अंगचा तुकडा. तिच्या घरात 'डॉक्टरनं जवाब दिला' म्हणजे काय, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण माझं तोंड मेणात बंद. मी नुसता ऐकत राहिलो.

कोणी आलं नाही. फोनही लागेना. अडीच महिन्यांनी डॉक्टरांनी अभ्यासाच्या तक्त्यात भरलं: रुग्णाने संपर्क तोडला. जणू सगळी चूक तिचीच. मला कपाटात ठेवायला उज्ज्वलाताई आल्या आणि तक्ता वाचून थबकल्या.

"सर, तुम्ही फोनवर म्हणलं काय होतं?"

डॉक्टरांनी सांगितलं. ताईंनी कपाळावर हात मारला. "अवो सर! आमच्याकडे डॉक्टरनं जवाब देल्ला म्हणजे हात टेकले! घरी न्या, आता काही होत नाही म्हणून! अन तुम्ही वरून सांगतलं, अकरा देशाईनं देल्ला!"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. नागपूरला माझी गरज लागेल म्हणून त्यांनी मला पाकिटात घालून खिशात ठेवलं, ताईंना बरोबर घेतलं आणि थेट तांडा गाठला.

धनीबाई ओसरीत बसली होती, वाळलेली, पण डोळे तेच. शेजारी सून ममता. डॉक्टर उभ्याउभ्याच बोलले, "आई, माझी चूक झाली. मी जवाब म्हणालो, म्हणजे उत्तर आलं असं म्हणायचं होतं. तुमच्यासाठी औषध आहे."

धनीबाई डॉक्टरांकडे बघून म्हणाली,

"तुहा एक शब्द चुकला बापू, अन म्या अडीच महिने रोज मरून राह्यली."

खिशात मी डॉक्टरांच्या छातीला टेकलेलो होतो. काळीज कसं धडधडत होतं ते मला विचारा.

मग तीच म्हणाली, "म्या त सगळं वाटून टाकलं. कानातलं, गळ्यातलं लेकीनं नेलं. चांगला घागरा या ममतीले देल्ला. आता जगली त घालू काय?"

"माह्यावाला गाऊन घाला न, सासूबाई," ममता रडतारडता म्हणाली, आणि धनीबाई हसली.

नागपूरला गोळी सुरू झाली. पण त्याआधीच्या तपासणीत छातीत रोग पसरल्याची एक सावली दिसली. अडीच महिने आधी आली असती तर? डॉक्टर नयननी हे विचारलं तेव्हा तिथल्या डॉक्टरबाईंनी पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली. गोळीनंतरच्या पहिल्या तपासणीत सावली थोडी आकसली आहे. पुढचं कोणालाच माहीत नाही.

डॉक्टरांनी तक्त्यातली ती ओळ खोडली आणि अकराही देशांना कळवलं: संपर्क रुग्णाने नव्हे, मी तोडला होता. आता ते फोनवर घाईनं काही सांगत नाहीत. सांगून झालं की विचारतात, "काका, तुम्हाला काय समजलं ते मला सांगा." आणि समोरचा बोलून होईपर्यंत थांबतात.

मी आता कपाटात आहे. माझ्यातून अजून चार-पाच काप निघतील. न्या, हव्या त्या देशात न्या, शेवटचा काप निघेपर्यंत वापरा. माझं मागणं एवढंच आहे, की मला जितक्या जपून बाहेर पाठवता, तितक्याच जपून माझं उत्तर तिच्या ओसरीपर्यंत आणा. मी तिच्या अंगचा असून बोलू शकलो नाही. तुम्हाला तोंड आहे.