झोपबाबाची गाडी

गोदामामागच्या पटांगणात सकाळी आठलाच तीसेक बायका रांगेत उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या कडेवर एकेक भोंगा चालू होता. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. रांगेच्या टोकाला एक जुनी पांढरी व्हॅन. तिच्या अंगावरची बेकरीची अक्षरं खरवडून काढलेली, मागच्या काचांना आतून जाड निळे पडदे, इंजिन चालूच.

दार सरकलं. मघाशी गळा फाडून रडत आत गेलेलं बाळ आईच्या खांद्यावर मान टाकून गाढ झोपलं होतं. "अगं बाई!" म्हणत सगळी रांग पुढे झुकली.

"बघितलंस?" शेजारच्या काकूंनी मला कोपर मारलं. "पंधरा मिनिटं फक्त! महिनाभर थेंब पाजून जे झालं नाही ते!"

खोटं कशाला बोलू, मलाही तेच हवं होतं. माझी ठकी अकरा आठवड्यांची. दुपार कलली की पाय पोटाशी घेऊन जी सुरू व्हायची, ती सगळं घर डोक्यावर घ्यायची. त्या आठवड्यात तिला पाजता पाजता मला बसल्या जागी डुलकी लागली आणि ती मांडीवरून घसरली. खाली पडायची तेवढी राहिली. झोप मिळाली नाही तर माझ्याच हातून तिला काहीतरी होईल, या धास्तीने मी त्या रांगेत उभी होते.

काल पहिल्यांदा आले होते. ठकी सलग पाच तास झोपली, मीही झोपले. उठले तेव्हा डोक्यात कोणी खिळे ठोकत असल्यासारखं ठणकत होतं आणि पोटातलं सगळं उलटून पडलं. काकू म्हणाल्या, "साठलेला शीण बाहेर पडतोय. बाबा सांगतातच तसं."

आज सोबत ताई होत्या. ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांचं गाड्यांचे सायलेन्सर आणि धुराचे पाइप बसवायचं गॅरेज आहे. "पंधरा मिनिटांत झोपवतो? बघू तरी," म्हणत ग्रीसच्या डगल्यातच आल्या होत्या. "जमत असेल तर मीही पडते जरा."

तेवढ्यात झोपबाबा पायरीवर चढला. गळा झाकणारी दाढी, घोट्यापर्यंत पांढरा अंगरखा आणि पायात ड्रायव्हरचे जाड बूट.

"मातांनो! बाळ रडत नाही, त्याची लय रडते! तुमच्या पोटात होतं तेव्हा त्याला काळजाचा ठेका होता. बाहेर आलं आणि ठेका सुटला. तो ठेका या वाहनाच्या पोटात आहे! सांगा, आईच्या पोटाला खिडकी असते का?"

"नाही!" रांग ओरडली.

"म्हणून पडदा उघडायचा नाही, फट ठेवायची नाही. हवा लागली की लय मोडली!"

"आईच्या पोटात पेट्रोलही नसतं," ताई पुटपुटल्या. मग मोठ्याने विचारलं, "अहो बाबा, मग तुम्ही एवढ्या थंडीत पुढची काच खाली करून कोपर बाहेर काढून का बसता?"

"आम्ही लय वाहून आणतो. वाहणाऱ्याला उष्णता होते."

"शूऽऽ!" काकूंनी ताईंना दटावलं. "पाखंडी बाई! हिच्यापायी आपला नंबर जायचा."

नंबर आला. एक माता, एक बाळ, तिसरं कोणी नाही. आत जाड गालिचा, एक बाकडं, पुढच्या बाजूला लाकडी फळीची भिंत आणि गुलाबाच्या फवाऱ्याचा नाक भरून टाकणारा वास. दार बंद झालं. तळपायांखाली ऊब होती, इंजिनाची थरथर होती. ठकी किंचाळली, मग कुरकुरली, मग गप्प झाली. किती बरं वाटलं! तिच्या नाकाला शेंबूड आला होता, तो पुसायचा म्हटलं तर माझा हात उचलेना. राहू दे, म्हटलं. मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. आजही त्या दिवसातलं मला तेच सगळ्यात भयंकर वाटतं.

बाहेर काय झालं ते नंतर कळलं. ताईंनी गाडीच्या घरघरीखाली एक बारीक 'फुस फुस' ऐकली. त्या गुडघे टेकून गाडीखाली वाकल्या, आणि उठल्या त्या थेट दारावर धडका मारत.

"थांबा!" बाबा आडवा आला. "अर्धवट लय मोडली तर बाळाला बाधेल!"

"बाजूला हो, नाहीतर पाना घालीन डोक्यात!"

दार उघडलं. थंड हवा तोंडावर आदळली. ताईंनी ठकीला माझ्याकडून उचलून घेतलं. गाल गुलाबी, एक हात खाली लोंबणारा.

"किती गोड झोपलीय," काकू म्हणाल्या.

ताईंनी तिच्या तळपायाला चिमटा काढला. काही नाही. पुन्हा काढला, जोरात. काहीच नाही.

"ही झोप नाहीये!" ताई ओरडल्या, आणि रांगेतल्या साऱ्या बायका एकदम मागे सरल्या.

ताईंनी आधी व्हॅनचं इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली आणि आम्हाला आपल्या गाडीत कोंबून, चारही काचा खाली करून दवाखान्यात नेलं. "धूर गेलाय छातीत, गाडीचा," त्या दारातूनच म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी पुढचं विचारलंही नाही. "आधी ऑक्सिजन. बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र या धुरात फसतं, तपासायला रक्त काढा. त्या गाडीत बसलेलं प्रत्येक बाळ आजच्या आज इथे आलं पाहिजे."

ठकीच्या तोंडावर इवलासा मास्क, माझ्या तोंडावर मोठा. तिच्या मास्कवर वाफ यायची आणि जायची. मी ती मोजत होते. एक वाफ यायला उशीर झाला की मी ताईंच्या हातात नखं रुतवायचे. किती वेळ गेला कोण जाणे. मग ठकीच्या कपाळाला आठी पडली, ओठ वाकडा झाला आणि ती रडली. आधी पिचकं, मग दवाखाना हादरेल असं.

"रडू दे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आज हिच्या रडण्यासारखं औषध नाही."

बाकीची बाळं त्या दिवशी तपासली. दोघांना ऑक्सिजन लावावा लागला. पोलिसांनी बाबासकट सगळ्यांचे जबाब घेतले, फोटो काढले आणि व्हॅन ओढत नेऊन ताईंच्या गॅरेजात लावली. आणि दोन दिवसांनी ताईंनी त्याच रांगेतल्या बायकांना गॅरेजात बोलावलं. बऱ्याच जणी भांडायच्या तयारीने आल्या. झोपबाबाही आला होता, भक्तिणींच्या आडोशाने.

ताईंनी दोन्ही शटर वर केली, व्हॅनची सगळी दारं उघडली आणि गालिचा ओढून काढला. खालचा पत्रा गंजून तळहाताएवढं भोक पडलं होतं. त्यातून जमीन दिसत होती.

"तुझी पावडर दे गं."

मी पिशवीतून ठकीच्या पावडरचा डबा दिला. ताईंनी ती भोकाच्या कडांवर भुरभुरली, इंजिन सुरू केलं आणि धूर बाहेर सोडणाऱ्या मागच्या नळीच्या तोंडावर ओलं फडकं धरलं. फुस! पावडर वर उडाली. फुस, फुस, फुस!

"हा घ्या ठेका," ताई म्हणाल्या आणि इंजिन बंद केलं. "इंजिनाचा धूर पाइपातून मागे बाहेर जायला हवा. पाइप मध्येच सडला, म्हणून तो या भोकातून आत येतो. त्यात एक वायू असतो, त्याला रंग नाही की वास नाही. बाकी धुराचा वास येतो, म्हणून हा गुलाबाचा फवारा. बाळाचा श्वास भराभर चालतो, म्हणून ते आपल्या आधी पडतं. त्याला झोप म्हणत नाहीत, बेशुद्धी म्हणतात."

मग गाडी जॅकवर चढली. पाइपाला गुंडाळलेला एक पत्रा सुटून लोंबत होता. ताई त्याच्याकडे बघत राहिल्या.

"हे ठिगळ माझं आहे. याला दाढीमुळे ओळखलं नाही मी, ठिगळ ओळखलं. आठ महिन्यांपूर्वी हा पाव पोचवायचा. सगळा पाइप बदल म्हटलं, तर म्हणाला आठवडाभर टिकेल असं बांध. आम्ही सगळेच असं बांधून देतो. मागे माणूस बसवू नको एवढं सांगितलं आणि मोकळी झाले. माझंही चुकलंच."

"मला काय ठाऊक!" बाबा पुढे आला. "बहिणीचं रडकं पोर मागे बसवलं, ते झोपलं. लोकच चमत्कार म्हणाले."

"ठाऊक नव्हतं? मग बस मागे. दारं लावते, पडदे ओढते, इंजिन सुरू करते. पंधराच मिनिटं."

बाबाने त्या भोकाकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे घेतलं.

"मला... डोकं दुखायचा त्रास आहे."

"कधीपासून?" मी विचारलं.

तो पुन्हा एका भक्तिणीच्या आड सरकला. पण त्याची पुढची काच का उघडी असायची, ते आता प्रत्येकीला कळलं होतं. सगळ्यात आधी बाजूला सरकली ती त्याच्या पुढे उभी असलेली भक्तीणच.

ताईंनी त्याच दिवशी कामाला हात घातला. ही अशी रस्त्यावर सोडणार नाही, म्हणाल्या. बोल्ट गंजून एकजीव झाले होते, ते कापावे लागले. इंजिनापासून शेपटीपर्यंत सगळी नळी उतरली. उचलताना तिचे हातात तुकडे आले. नवा पाइप, नवा सायलेन्सर, जोडांतून धूर फुटू नये म्हणून नवे गॅस्केट, टांगायला नवे रबर. तळाला नवा पत्रा जोडला. पुन्हा पावडर भुरभुरली, इंजिन सुरू केलं, फडकं धरलं. पावडर जागची हलली नाही.

"आता यात बसवलं तर झोपेल का?" एकीने हळूच विचारलं.

"नाही. आता ही नुसती गाडी आहे."

"मग आमची पोरं झोपायची तरी कशी?" तिने कडेवरचं बाळ पुढे केलं. डॉक्टरीणबाईंनी एवढंच सांगितलं होतं, की हे रडणं बहुतेक बाळांचं तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं, तोवर आईला माणसं लागतात.

काकू माझ्यासमोर आल्या. दोन दिवस त्यांनी माझ्या नजरेला नजर दिली नव्हती.

"आण तिला इकडे," त्या म्हणाल्या. "मी फिरवते तासभर. रडली तर रडू दे, मी आहे. तू घरी जाऊन आडवी हो."

बायांनो, दमलेल्या आईला कोणीही फसवू शकतं, म्हणून दमलेली असाल तेव्हाच जास्त विचारा. पडदा का? काच बंद का? आणि सांगणारा स्वतः कुठे बसतो? विचारलं की जो रागावतो, त्याच्या हाती आपलं लेकरू देऊ नका. आणि शेजारी एखादं बाळ तासन्‌तास रडत असेल, तर त्याच्या आईला चमत्काराचा पत्ता सांगू नका. जा, दार वाजवा आणि तासभर ते बाळ आपल्या कडेवर घ्या.