नेलपॉलिशचा ठिपका

मालवणजवळच्या त्या घरात शनिवारची सकाळ नेहमीसारखीच सुरू झाली. किशोरीने चहा उकळत ठेवला. मागच्या दारी कामाला येणाऱ्या राधाबाईंनी सगळी भांडी घासली आणि स्वयंपाकघरात नेऊन पालथी मांडली. मग पडवीच्या खिडकीत ठेवलेला आपला कप त्यांनी पुढे धरला, किशोरीने वरून चहा ओतला. पिऊन झाल्यावर कप धुऊन पुन्हा खिडकीत. वर्षानुवर्षे हे असेच चालत आले होते, आणि त्यात काही वेगळे आहे असे त्या घरात कोणालाच वाटत नसे.

सहावीतल्या सृष्टीच्या शाळेत आज घरगुती वस्तूंतून विज्ञानाचे प्रयोग होते, आणि पालकांनाही बोलावले होते.

"आई, माका चार सारखे कप होयत," ती म्हणाली.

"पाहुण्यांचे नको गो. जुने आसत ते ने."

जुन्या सेटमधले तीनच कप आत सापडले. चौथा खिडकीत होता. सृष्टीने राधाबाईंना विचारले आणि तोही कागदात गुंडाळला. कोकमाच्या आगळाची, म्हणजे खारवलेल्या रसाची, बाटली आणि बादली घेऊन राधाबाई मायलेकींसोबत निघाल्या.

वर्गात सृष्टीने चारही कपांत पाणी मिसळलेले आगळ घेतले. एक कप तसाच ठेवला. दुसऱ्यात लिंबू पिळले, तिसऱ्यात साबणाचे पाणी घातले, चौथ्यात खाण्याचा सोडा. सोड्याबरोबर फेस फसफसला आणि लाल रंग बघता बघता काळपट हिरवा झाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

विज्ञानाच्या इनासिया बाईंनी विचारले, "हा बदल सोड्यामुळेच झाला, हे कशावरून?"

"कारण बाकी सगळं सारखं ठेवलं, बाई. आगळ तेवढंच, पाणी एकाच विहिरीचं, कपही एकाच सेटमधले." मागच्यांना रंग दिसावा म्हणून तिने तो काचेचा कप उंच धरला.

पुढे जमिनीवर बसलेली संचिता म्हणाली, "सारखे खंय? ह्या कपाक खाली लाल ठिपको आसा!"

वर्ग हसला. सृष्टीने कपाचा तळ पाहिला. "ती आईची नेलपॉलिश. राधाबाईंचा कप आमच्या कपांत मिसळू नये म्हणून लावलीय."

तिने हे अगदी सरळपणे, प्रयोगाची माहिती द्यावी तसे सांगितले. हसणे थांबले. पालकांच्या माना किशोरीकडे वळल्या. तिची कानशिले तापली.

तेवढ्यात दारातून राधाबाई म्हणाल्या, "अगो, माझी नजर कमी झाली. माझो कप माका वळखूक येवचो म्हणान मीच सांगितलंय खूण करूक."

हे खोटे होते, आणि ते राधाबाई आणि किशोरी दोघींनाही पक्के ठाऊक होते. जिला आपण दूर ठेवले, तिनेच आपली अब्रू झाकली! किशोरीला मान वर करवेना.

कार्यक्रम संपल्यावर ती इनासिया बाईंजवळ गेली. "बाई, तसं काही नाही हो. स्वच्छतेच्या दृष्टीने..."

"तुमचे बाकीचे कप कोण धुतं?"

"राधाबाईच."

"त्याच हातांनी, त्याच साबणाने?"

बाई टेबल पुसत सावकाश म्हणाल्या, "मी उपदेश करत नाही. आमच्या आजीकडेही कामवाल्यांसाठी वेगळ्या बशा होत्या, आणि दर रविवारी आम्ही सगळे चर्चला जात होतो. पण मुलांना मी एकच गोष्ट शिकवते. फरक आहे म्हणायचं, तर तो तपासून दाखवता आला पाहिजे. दाखवता येत नसेल, तर तो फरक आपण केलेला असतो."

वाचकहो, किशोरीच्या घरात जातीचे नाव कधीच घेतले जात नसे. ते घेण्याची गरजच नव्हती. ठिपका ते काम करत होता. मुलांना पुरावा मागायला शिकवायचे आणि घरात पुराव्याविना माणसे वेगळी ठेवायची, ही सुशिक्षित घरांतली लाजिरवाणी सवय आहे. ती मोडायची, तर आरंभ आपल्याच स्वयंपाकघरापासून करावा लागतो.

परतताना राधाबाईंच्या घराकडे वाट फुटली, तिथे किशोरी थांबली. "राधाबाई, मी तुमच्याकडे येव?"

"कित्याक? काय काम होता?"

"चाय घेऊक."

राधाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिले. "इतकी वर्सा हयसूनच जातास वयनीनू. आज बरी आठवण इली. दूध नाय घरात. कोरी चाय चलात?"

"चलात."

तिघी चुलीपाशी बसल्या. किशोरी म्हणाली, "राधाबाई, तो ठिपको..."

"तो कित्याक लावलास ता माका तेव्हाच कळला होता. चाय निवता, घेवा."

किशोरीने चहा घेतला. कप खाली ठेवून ती म्हणाली, "माझा चुकला. सोमवारपासून आमच्यावांगडा आत बसान चाय घेवा."

"बघूया," राधाबाई म्हणाल्या. त्या एका शब्दात माफी नव्हती, नकारही नव्हता.

किशोरी उठली. राधाबाईंचा, सृष्टीचा आणि स्वतःचा, तिन्ही कप तिने मोरीवर नेले. "नको वयनीनू," राधाबाई एकदाच म्हणाल्या. किशोरीने कप घासले, विसळले आणि फळीवर एकमेकांना लागून पालथे ठेवले.