क्रेनची शिडी

क्रेन चालवायचं वेड तिला लग्नाआधीपासूनच होतं. गेल्या वर्षी क्रेन चालवणारा तिचा नवरा क्रेनच्या शिडीवरून पडला आणि जागीच गेला. सहा महिन्यांनी ती त्याच कामावर शिकाऊ म्हणून पहिल्यांदा त्या शिडीवर चढली, पण निम्म्यावर शिडीच्या कांबेला मिठी मारून अडकली.

"वहिनी, उतरा! तुमच्याच्यानं नाही होणार," फोरमन खालून ओरडला.

"उतरायचीही भीती वाटतेय, भाऊजी!"

खालची माणसं हसली. तिला रडू फुटलं. या हट्टापायी आपण पोरीला पोरकं करणार, असं वाटलं. मग तिने चाचपडत वरची कांब धरली.

केबिनमध्ये पोहोचताच तिला उलटी झाली. तोंड पुसून तिने क्रेन चालवायचा दांडा ओढला. बाहेर लोंबणारा ओझं उचलायचा आकडा हलला.

भीती मात्र गेली नाही. अजूनही रोज चढताना ती निम्म्यावर थांबते, मग वरची कांब धरते.