घरोघरच्या खिडक्यांची शाळा

हो, मीच बोलतेय. ज्या दगडी भिंतीला टेकून तुम्ही फोटो काढताय ना, ती मी, या गावची जुनी शाळा. फोटो काढा बापडे, पण दोन घटका माझं ऐकूनही घ्या. हल्ली माझ्याशी बोलायला कुणी येत नाही.

माझा जन्म गावाच्या हट्टातून झाला. वरून कुणी शाळा बांधून देईना, तेव्हा पाथरवटांनी दगड दिला, गाडीवाल्यांनी तो फुकट वाहून आणला. भिंती उभ्या राहिल्या आणि खिडक्यांपाशी गाडं अडलं. तयार लाकूड आणायचं कुठून? शेवटी ठरलं, ज्याला जमेल त्याने आपल्या घराची एक खिडकी काढून शाळेला द्यायची. लोहाराने जाड गजांची दिली, दुकानदाराने रंगीत काचेची. सुताराच्या घरात खिडकी एकच, स्वयंपाकघरातली. त्याने तीच उचकटून आणली. त्याची बायको पुढे भरदिवसा दिवा लावून स्वयंपाक करायची, पण शेजारणींना ठसक्यात सांगायची, "आमचा उजेड पोरांना दिलाय."

असं माझं ध्यान! एक खिडकी उंच, एक ठेंगणी, एक निळी, एक बिनरंगाची. तपासणीचे साहेब आले की तोंड लपवून हसायचे. हसेनात का! पोरं मात्र जागेवरून हमरीतुमरीवर यायची. "गुरुजी, ही आमच्या घरची खिडकी आहे, मीच इथे बसणार!" गुरुजी कपाळाला हात लावायचे. किती पिढ्या माझ्या फरशीवर बसून मुळाक्षरं गिरवून गेल्या, त्याचा हिशेब मी ठेवलेला नाही.

त्या सुताराची नात माझ्यातच शिकली आणि पुढे माझ्यातच पहिलीच्या वर्गाची बाई झाली. मोठी कडक बाई! पण रडणारं पोर दिसलं की त्याला कडेवर घेऊन शिकवायची. माझ्या शेजारी माझी धाकटी बहीण होती, कौलारू, लांबलचक. गाव वाढलं तेव्हा बांधलेली. एका सुट्टीत ती पाडली आणि तिथे सिमेंटची तीन मजली शाळा उभी केली. सगळे वर्ग तिकडे गेले. आता माझी पाळी, हे मला कळून चुकलं. खोटं कशाला बोलू, घाबरले होते मी.

बाई तेव्हा निवृत्त झाली होती. पदर खोचून उभी राहिली. नगरपालिकेत खेटे घातले, साहेबांच्या नाकी नऊ आणले. "इमारत भक्कम आहे. पहिलीचा वर्ग तिथेच भरू द्या," एवढंच तिचं मागणं. तिची स्वतःची नात त्या वर्षी पहिलीत जायची होती. पोरीला ती रोज माझ्या पायरीशी आणायची आणि म्हणायची, "इथे बसायचं हं तू."

आणि काय सांगू, बाई जिंकली! मला पाडायचं रद्द झालं. मी वारसा झाले म्हणे. मग दुरुस्ती सुरू झाली. ठेकेदाराने माझ्याकडे पाहून नाक मुरडलं. "वारसा कसा, एकसारखा दिसला पाहिजे." त्याने सगळ्या खिडक्या काढल्या आणि एका मापाच्या, एका रंगाच्या नव्या बसवल्या. जुन्या खिडक्या ट्रकमध्ये फेकल्या. बाई धावत आली तोवर ट्रक गेला होता. भिंतीवर हात ठेवून नुसती उभी राहिली. मला फार वाईट वाटलं, माझ्यापेक्षा तिच्यासाठी.

उद्घाटनाला फीत कापली, भाषणं झाली, सगळ्यांनी माझं तोंड भरून कौतुक केलं. मंडळी पांगली. शिपायाने दार लावून कुलूप घातलं.

नातीचा हात धरून बाईने विचारलं, "दादा, वर्ग कधीपासून भरणार?"

"वर्ग?" शिपाई गोंधळला. "अहो बाई, ही जपायची वस्तू. पोरं आत सोडली तर भिंती खराब करतील. वरून सक्त ताकीद आहे."

"मग मी भांडले कशासाठी?" बाई म्हणाली आणि मटकन पायरीवर बसली. नात बावरून गेली. "आजी, चल ना घरी," म्हणत राहिली.

तेव्हापासून मी अशी उभी आहे, रंगवलेली, पुसलेली, रिकामी. पलीकडून पाढ्यांचा आवाज येतो. कोपऱ्यात वाळवी लागली आहे, ती बघायलाही आत कुणी नाही. नात आता दुसरीत गेली.

बाईने मात्र हाय खाल्लेली नाही. आजही काठी टेकत नगरपालिकेत गेली आहे, एक वर्ग मागायला. वाटेत दोनदा बसावं लागतं तिला. तुमची तिकडे ओळखपाळख असेल तर एक शब्द टाका हो. शाईचे डाग पडू देत, भिंतींवर रेघोट्या ओढू देत, मला चालेल. माझं काय, मी दगडाची, अजून कितीही वाट बघेन. तिच्याजवळ तेवढे दिवस नाहीत.