आधी मला विचारा

दादाने रनटाइम लिहायला घेतला तेव्हा मी कॉलेजात होते; पुढे मी आणि आणखी काहीजण त्याला त्या कामात येऊन मिळालो. लोकांचे प्रोग्रॅम ज्याच्या जिवावर चालतात, तो खालचा प्रोग्रॅम म्हणजे रनटाइम. आमचा फुकट, सगळ्यांना खुला. घराच्या पायासारखा. भेग पडेपर्यंत त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

आता भेग पडली होती. त्यातून कुणीही परक्याच्या मशीनमध्ये शिरू शकत होतं. ज्याला ती सापडली, त्या भल्या माणसाने शुक्रवारपर्यंत गप्प राहायचं कबूल केलं होतं. त्यानंतर सगळं जगजाहीर. आज गुरुवार.

चूक नेमकी दादाच्या फाइलमध्ये होती, एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कोडमधल्या कुलपापाशी. फाइलच्या माथ्यावर त्याचीच ओळ: ‘इथे हात लावण्याआधी मला विचारा.’ पंधरा वर्षं आम्ही त्या ओळीची टिंगल केली आणि निमूटपणे त्यालाच विचारत आलो. कारणं त्याने लिहिली नाहीत, आम्ही लिहून घेतली नाहीत. सगळेच दीडशहाणे! तीन दिवसांत मी चार तऱ्हांनी दुरुस्ती करून पाहिली. दर वेळी शेकडो चाचण्या कोलमडल्या.

आणि दादाला गेली दोन वर्षं काही आठवत नाही.

वहिनीने त्याला खिडकीपाशी बसवलं, चष्मा पुसून दिला. "सकाळी बरे असतात. विचार, पण ओरडू नकोस हं."

मी ओरडते, हे खरं आहे. लॅपटॉप त्याच्या पुढ्यात ठेवून शक्य तितक्या हळू विचारलं, "दादा, इथे एकच कुलूप दोनदा का लावलंयस रे?"

तो वाचू लागला. बोट ओळींवरून सरकत बरोबर त्या जागी थांबलं. माझा जीव भांड्यात पडला.

"हुशार आहे हा लिहिणारा," तो म्हणाला. "काहीतरी धोका दिसलाय याला. उगीच कुणी दोनदा लावत नाही."

"कुठला धोका? दादा, आठव ना!" आवाज चढलाच. वहिनीने माझा दंड धरला.

तो घाबरून फाइल सरकवत तिच्या माथ्यापर्यंत गेला. ती ओळ वाचली आणि त्याचा चेहरा उजळला.

"अहो बाई, इथे लिहिलंय की! तुम्ही यांनाच विचारा."

जन्मभर मला ‘माकडा’ म्हणत आलेला माझा भाऊ. मला रडू आवरेना.

"रडू नका," तो समजुतीने म्हणाला. "आजच विचारा. सांगतील ते. स्वतःहून लिहून ठेवलंय त्यांनी."