वूफरच्या पोटात

वूफरच्या खोक्याचा शेवटचा स्क्रू निघाला आणि आतून जो वास आला, त्याला अजून मला शब्द सापडलेला नाही. सडक्या वासांना घाबरणारी मी नाही. मखमलाबादला मळ्यात राहतो आम्ही, झेंडू आणि कोथिंबीर लावतो, न खपलेल्या जुड्यांचा बांधावर कसा चिखल होतो ते लहानपणापासून हुंगत आलेय. पण हा वास आंबट, तेलकट आणि वर गोडसर. गोडसर होता म्हणून तर जास्त किळस आली. मी ओढणी नाकाला बांधली, पायरीच्या कडेला जाऊन थुंकले आणि परत येऊन बसले.

परत येणं भाग होतं. आमच्या जुन्या जीपच्या डिक्कीत पप्पांनी उन्हाळ्यात हौसेनं हा वूफर, म्हणजे ठेका दणाणवणारा मोठा स्पीकर, बसवून घेतला. यंदा शाळेच्या गॅदरिंगमध्ये दहावीच्या मुलींच्या डान्सची लीडर मी आहे. मी! सातवीपर्यंत बाईंनी नुसतं नाव विचारलं तरी जिला घाम फुटायचा, ती. सराव आमच्या अंगणात चालायचा, कारण एवढा दणदणीत आवाज दुसऱ्या कुणाच्याच घरी नाही. दिवाळीनंतरच्या पहिल्याच सरावाला गाणं ऐन रंगात आलं आणि डिक्कीतून फट् झालं. त्यानंतर वूफर नुसता घरघरायला लागला, घशात कफ अडकल्यासारखा.

पप्पा मळ्यातून आले, कान लावून ऐकलं आणि सगळ्या पोरींसमोर निकाल देऊन टाकला.

"तेजूनं उडवला. आवाज किती ठेवायचा याची अक्कल नाय."

आवाज रोजच्याइतकाच होता, हे मी सांगत होते तोवर चावी त्यांच्या खिशात गेली. वूफर नीट होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही म्हणाले. भाग्यश्रीनं त्याच संध्याकाळी ग्रुपवर टाकलं की तिच्या मामांकडे मोठा स्पीकर आहे, रविवारपासून सराव तिकडे करू. आणि ज्याचं अंगण तो पुढे, हा आमच्यातला न लिहिलेला नियम. म्हणजे रविवारपर्यंत वूफर वाजला नाही तर मी दुसऱ्या रांगेत, भाग्यश्रीच्या वेणीकडे बघत.

म्हणून मी पप्पांना सांगितलं की मीच दुरुस्त करते. ते इतके हसले की त्यांच्या हातातला चहा हिंदकळला. पण शनिवारी मळ्यात जाताना डिक्की तेवढी उघडी ठेवून गेले.

तर शनिवारी खोकं पायरीवर, मी समोर, नाकाला ओढणी. वूफर उचलून पालथा केला. त्याचा गोल कागदी पडदा, ज्याला कोन म्हणतात, एका बाजूला फाटला होता. कडेची रबराची गोल पट्टी अर्धी सुटून लोंबत होती. तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण कागदावर पिवळट डाग आणि डागांवर बुरशीची लव. बोट लावलं तर बुळबुळीत. शी.

मग मोबाइलचा टॉर्च खोक्यात मारला. आत झेंडूच्या पाकळ्यांचा काळा लगदा होता. त्यात पिवळे तांदूळ होते आणि त्यातले काही तांदूळ चालत होते. अळ्या होत्या त्या. कागदाचे कपटे गोळा करून उंदरानं संसार थाटला होता, लेंड्यांसकट. आणि मधोमध नारळाचं एक भकल, आतून हिरवंकाळं, केसाळ, त्यातून झुरळाच्या मिशा हलताहेत. मिशांमागून झुरळ आलं आणि सरळ माझ्या बाहीत शिरलं.

मी किंचाळले ते पार रस्त्यापर्यंत गेलं असणार. आई धावत बाहेर आली. बाही झटकून झाली, झुरळ चपलेखाली गेलं, मग तिनं खोक्यात डोकावून पाहिलं. आधी तोंडाला पदर लावला आणि मग पदराआडून हसायलाच लागली. दसऱ्याचं भकल गं हे, म्हणाली.

दसऱ्याला आमच्याकडे खुरप्यापासून फवारणीच्या पंपापर्यंत सगळ्याची पूजा होते. यंदा पप्पांनी जीपबरोबर डिक्कीही उघडली. नव्या वूफरला हळदकुंकू, माळ, अक्षता. नारळ चाकापाशी फोडा, असं आई सांगत होती. पण पप्पांनी तो फोडला खोक्याच्या लोखंडी कोपऱ्यावर, आणि वूफर आभाळाकडे तोंड करून आडवा. सगळं पाणी त्या कागदावर. एक भकल हातात राहिलं, दुसरं काही केल्या सापडेना. कुत्र्यानं नेलं, असं पप्पांनी जाहीर केलं होतं. ते खोक्याला हवेसाठी ठेवलेल्या मोठ्या भोकातून थेट पोटात गेलं होतं आणि दिवाळीभर तिथे पिकत होतं. उंदरालाही आमंत्रण त्याचंच.

मला इतकी चीड आली की किळस मागे पडली. थोडीशीच. पुढचा तासभर मी चिमट्यानं एकेक घाण उचलून केरभरणीत टाकली आणि प्रत्येक अळीला पप्पांचं नाव घेतलं. खोकं स्पिरिटनं पुसलं, उन्हात ठेवलं. मग मोबाइलवरच्या व्हिडिओत दाखवतात तसं करायला घेतलं. आईच्या जुन्या मलमलच्या साडीची पट्टी कापून कोनाच्या फाटीवर पांढऱ्या गोंदानं चिकटवली. रबराच्या कडेला सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन लावलं. दुपारभर वाळू दिलं. मग दोन बोटांनी कोन हळूच आत दाबून कान लावला. खरखर नाही. घड्याळातला सेल काढून वायरींना टेकवला, तर कोन टुपकन बाहेर आला. मी पण उडीच मारली. हाताला तो वास अजून होताच, तीनदा धुऊनही.

संध्याकाळी पप्पा आले. वूफर डिक्कीत बसवलेला होता. त्यांनी गाणं लावलं आणि जीपचा पत्रा थरथरला. त्यांच्या भुवया वर गेल्या. मग खिशातून चावी काढून त्यांनी माझ्यापुढे धरली, जणू मी दुकानातून तेल आणलंय.

मी चावी घेतली नाही. केरभरणी आणून त्यांच्या नाकाखाली धरली.

"हे काय हाय?" ते मागे सरकले.

"कुत्र्यानं नेलेलं भकल."

त्यांनी बघितलं. वास घेतला, घ्यावाच लागला. तरी म्हणतात, "देवाच्या पाण्यानं कधी काय बिघडत नाय."

"मग घ्या थोडा प्रसाद."

आई मेथी निवडत होती. मान खाली, पण खांदे गदागदा हलत होते. पप्पांनी तिच्याकडे पाहिलं, केरभरणीकडे पाहिलं. एक अळी काठावर येऊन विचार करत होती.

"बरं बाई," ते म्हणाले. "तू नाय उडवला. ते बाजूला कर आधी."

"पोरींसमोर म्हणाला होतात. पोरींसमोर सांगा."

वूफर वाजला, असं मी रात्रीच ग्रुपवर टाकलं. रविवारी सगळ्या आल्या, भाग्यश्रीसुद्धा, तिच्या मामांचा पत्ता फोनवर तयार ठेवून. पप्पा बनियनवरच होते, ते आत जाऊन शर्ट घालून आले. डिक्कीशी उभे राहिले आणि शाळेत कविता म्हणतात तसं एका दमात बोलले. "वूफर म्या उडवला होता. नारळ फोडून. तेजूनं नीट केला." आणि कुणी काही विचारायच्या आत मळ्यात निघून गेले.

मग अर्थातच मला सगळं सांगावं लागलं. मी भकलापासून बाहीतल्या झुरळापर्यंत काही सोडलं नाही, अळ्यांचं तर जरा वाढवूनच सांगितलं. दोघी डबा खात होत्या, त्यांनी तो बंद करून ठेवून दिला.

गाणं लावलं. ठेका अगदी पहिल्यासारखा, छातीत लागणारा. फक्त एक झालं. आत कुठेतरी, माझं बोट पोचलं नाही अशा फटीत काहीतरी राहिलं असणार. कारण प्रत्येक दणक्याला त्या भोकातून वाऱ्याचा भपकारा येत होता, आंबट, तेलकट, गोडसर. जी सगळ्यात पुढे उभी असेल तिच्या थेट तोंडावर. भाग्यश्री पुढे येत येत दोन पावलांवर थांबली, नाक दाबलं आणि आपणहून तिसऱ्या रांगेत गेली.

मी श्वास रोखला आणि पुढे जाऊन उभी राहिले.